घटक ४ : स्कॉटिश काव्यातील प्राणी आणि निसर्ग – प्रतीकांचे स्वरूप

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• बोधचिन्ह, अन्योक्ती आणि प्रतीक यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• डनबार, हेन्रीसन, बर्न्स आणि डंकन बान मॅकिंटायर यांच्या काव्यातील प्राणिसृष्टीचे कार्य सांगता येईल.
• कवीने प्राण्याला केलेल्या संबोधनाचा भाषिक अंगाने विचार करता येईल.
• एकाच प्राण्याचा काव्यगत अर्थ काळानुसार का पालटतो, याची कारणमीमांसा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'कोल्हा हे धूर्तपणाचे प्रतीक', 'मेंढी हे गरिबीचे प्रतीक', 'सिंह हे सत्तेचे प्रतीक' अशी विधाने समीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतात. ती सर्वस्वी चुकीची नसतात. पण अपुरी मात्र असतात. प्राणी आणि अर्थ यांची अशी कायमची जोडी लावून दिली, की कविता वाचण्याची गरजच उरत नाही. कोष्टक पाहिले की काम भागते.

प्रस्तुत घटकात आपण स्कॉटलंडमधील अभिजात कवितेच्या आधारे हा प्रश्न तपासणार आहोत. या काव्यपरंपरेत साधारण तीन शतकांच्या अवधीत मेंढी आणि कोल्हा या दोन प्राण्यांचे अर्थ जवळजवळ उलटे झालेले दिसतात. प्राण्यांचे स्वभाव तर बदललेले नाहीत. मग बदलले काय? प्राणी आणि माणूस ज्या जमिनीवर राहतात, त्या जमिनीशी असलेली दोघांची नाती बदलली. प्रतीकाचा अर्थ प्राण्याच्या अंगी जडलेला नसतो, तो या नात्यांतून घडतो, हे या घटकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पार्श्वभूमी : एक देश, दोन काव्यभाषा

स्कॉटलंडच्या दक्षिण व पूर्व भागांतील सखल प्रदेशात स्कॉट्स ही भाषा विकसित झाली. ती इंग्रजीची बोली नव्हे, तर प्राचीन इंग्रजीच्या उत्तरेकडील रूपांतून वाढलेली तिची भगिनीभाषा होय, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. उत्तर व पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात आणि बेटांवर गेलिक बोलली जाई. ही केल्टिक कुळातील, आयरिशला जवळची भाषा आहे. आपण पाहणार असलेल्या कवींपैकी हेन्रीसन, डनबार आणि बर्न्स हे स्कॉट्सचे कवी. डंकन बान मॅकिंटायर हा गेलिकचा कवी. या दोन भाषांमागे दोन भिन्न भूप्रदेश आहेत : एकीकडे नांगरलेली शेते, दुसरीकडे हरणांचे डोंगर. दोन्हीकडे जमीन कसणारा बहुधा जमिनीचा मालक नसे. तो खंड देऊन जमीन धरणारे कूळ असे. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी.

४.३.२ तीन संज्ञा

बोधचिन्ह : येथे प्राणी किंवा वनस्पती आणि तिचा अर्थ यांचा संबंध संकेताने ठरलेला असतो. राजमुद्रेवरील सिंह हे त्याचे उदाहरण. वाचकाला संकेत ठाऊक असला की अर्थ कळतो.

अन्योक्ती : बोलायचे एकाविषयी आणि लक्ष्य मात्र दुसरे, अशी ही रचना. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण हीच रीत सांगते. प्राणिकथेत प्राणी बोलतात, पण ऐकायचे माणसांनी असते.

प्रतीक : येथे वस्तू किंवा प्राणी आधी स्वतःच्या पूर्ण अस्तित्वाने कवितेत उभा असतो. त्या अस्तित्वातूनच अधिक व्यापक अर्थ उमलतो. अर्थ कळल्यानंतरही प्राणी बाजूला सारता येत नाही.

या तिन्हींच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. चांगला कवी एका प्रकारातून दुसऱ्यात कसा जातो, हे पाहणे अधिक उद्बोधक असते.

४.३.३ विल्यम डनबार : राजदरबारातील बोधचिन्हे

१५०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि इंग्लंडची राजकन्या मार्गारेट ट्यूडर यांचा विवाह झाला. या प्रसंगी दरबारी कवी विल्यम डनबार याने काटेफूल आणि गुलाब यांच्यावर 'द थ्रिसिल अँड द रोइस' ही कविता रचली. स्वप्नात निसर्गदेवता सर्व पशू, पक्षी आणि फुले यांना बोलावते. पशूंमध्ये सिंहाला, पक्ष्यांमध्ये गरुडाला आणि फुलांमध्ये काटेफुलाला ती राजपद देते. सिंह स्कॉटलंडच्या राजचिन्हावरील, काटेफूल स्कॉटलंडचे, गुलाब ट्यूडर घराण्याचा. सगळे अर्थ आधीच ठरलेले आहेत.

तरीही एक जागा लक्ष देण्याजोगी आहे. सिंहाला राजधर्म सांगताना निसर्गदेवता बजावते, की दांडग्या शिंगांच्या रानबैलाने नांगराच्या गरीब बैलावर जुलूम करता कामा नये. मुकुट, ढाली आणि राजमुद्रा यांच्या गर्दीत हा शेतातला बैल अचानक येतो. तो कोणाच्याही राजचिन्हावर नाही. रोजच्या कष्टातून तो कवितेत आलेला आहे.

४.३.४ रॉबर्ट हेन्रीसन : कोर्टात उभी केलेली मेंढी

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कवी रॉबर्ट हेन्रीसन हा डनफर्मलिन येथील शिक्षक म्हणून ओळखला जातो. त्याच्या 'मोरल फेबिल्स' या संग्रहात तेरा प्राणिकथा आहेत. त्यांमागे इसापाच्या कथांची परंपरा आहे, तशीच रेनार्ड या कोल्ह्याच्या युरोपीय कथाचक्राचीही आहे. प्रत्येक कथेनंतर 'मोरॅलिटास' म्हणजे तात्पर्य येते. कथा आणि तात्पर्य असे दोन स्वतंत्र भाग असणे, हे अन्योक्तीचे ठळक लक्षण होय.

'लांडगा आणि कोकरू' ही कथा आपल्या परिचयाची आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या कोकरावर वरच्या अंगाचा लांडगा पाणी गढूळ केल्याचा आरोप करतो. हेन्रीसनच्या तात्पर्यात कोकरू म्हणजे गरीब कष्टकरी व कुळे, आणि लांडगे मात्र तीन प्रकारचे आहेत : कायदा वाकवणारे, हावरे धनदांडगे आणि वतनदार जमीनमालक. हा तिसरा लांडगा कुळाकडून पैसे घेऊन जमीन देतो आणि मुदत पुरी होण्याआधीच त्याला छळून हुसकावू पाहतो. 'बळी तो कान पिळी' एवढ्या सर्वसाधारण बोधावर कवी थांबत नाही. तो आपल्या काळातील कूळपद्धतीवर नेमके बोट ठेवतो.

'मेंढी आणि कुत्रा' या कथेत तो आणखी पुढे जातो. कुत्रा मेंढीवर भाकरीच्या तुकड्यासाठी खोटा दावा लावतो. न्यायाधीश लांडगा, समन्स बजावणारा कावळ्याच्या जातीचा डोमकावळा, लेखनिक कोल्हा आणि वकील म्हणून घार व गिधाड! ज्यांच्या तोंडी मेंढीचे मांस लागलेले आहे, त्यांनीच तिचा न्याय करायचा आहे. मेंढी हरते. दंड भरण्यासाठी तिला अंगावरची लोकर विकावी लागते आणि ती ऐन हिवाळ्यात उघडी पडते.

येथवर ही अन्योक्तीच आहे. पण तात्पर्याच्या भागात कवी एक अनपेक्षित गोष्ट करतो. मेंढी म्हणजे गरीब रयत, असे सांगून तो मोकळा होत नाही. जाता जाता आपण त्या मेंढीचा विलाप ऐकला, असे तो सांगतो आणि थंडीने काकडणारी मेंढी देवाकडे गाऱ्हाणे मांडू लागते. वास्तविक तात्पर्यात प्राण्याचे काम संपलेले असते. येथे मात्र अर्थ सांगून झाल्यावरही मेंढी कवितेतून जायला तयार नाही. अन्योक्ती प्रतीकाकडे झुकते ती या क्षणी. लोकर गेलेल्या अंगाला वाजणारी थंडी कोणत्याही स्पष्टीकरणात विरघळत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. डनबारची काटेफूल-गुलाबाची कविता कोणत्या प्रसंगी रचली गेली?
२. 'मोरॅलिटास' म्हणजे काय?
३. हेन्रीसनच्या कथेत मेंढीचा न्यायाधीश कोण आहे?

४.३.५ रॉबर्ट बर्न्स : फाळाखालचे घर

रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) हा एअरशायरमधील खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांचे अखेरचे दिवस जमीनमालकाशी चाललेल्या वादात आणि आजारपणात गेले. १७८४ मध्ये ते वारले. त्यानंतर रॉबर्ट आणि त्याचा भाऊ गिल्बर्ट मॉखलिनजवळील मॉसगिल येथे जमीन खंडाने कसू लागले. १७८६ मध्ये किल्मार्नक येथे त्याचा पहिला काव्यसंग्रह छापला गेला. त्याच्या ६१२ प्रती निघाल्या. त्यातील कितीतरी कविता प्राण्यांविषयी किंवा प्राण्यांना उद्देशून आहेत.

'टू अ माउस' ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कविता. नोव्हेंबर १७८५ मध्ये नांगरताना उंदरीचे बीळ उकलले गेले, असे कवितेच्या शीर्षकातच नोंदलेले आहे. नांगरणारा कवी तिला धीर देतो. माणसाच्या सत्तेने सृष्टीतील सलोखा मोडला याची खंत व्यक्त करतो. तिने चोवीस पेंढ्यांमागे एखादे कणीस नेले तर बिघडले कुठे, असे म्हणतो. पालापाचोळा आणि धसकटे कुरतडून तिने मोठ्या कष्टाने घर बांधले; आता थंडी तोंडावर आहे आणि नवे घर बांधायला शेतात गवत उरलेले नाही. बेत उंदरांचे असोत की माणसांचे, ते कोलमडतात, हा या कवितेतील विचार जगभर पोचला. जॉन स्टाइनबेक याच्या १९३७ मधील 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीचे नाव तेथूनच आले आहे.

ही उंदरी कशाचे प्रतीक आहे? 'गरीब कुळाचे' हे उत्तर चुकीचे नाही. स्वतःच्या घराची शाश्वती नसलेला मनुष्य येथे दुसऱ्याचे मोडलेले घर पाहतो आहे. परंतु कवितेतील पेच त्याहून खोल आहे. हेन्रीसनच्या कथेत जुलूम करणारा लांडगा वेगळा आणि सोसणारे कोकरू वेगळे. येथे जमीनमालकाच्या सत्तेखाली असलेला माणूसच उंदरीच्या बाबतीत घर मोडणारा ठरतो. नांगर त्याच्याच हातात आहे. सोसणारा आणि सोसायला लावणारा अशा दोन्ही जागांवर कवी एकाच वेळी उभा आहे.

शेवटी तर तो साम्यही सोडून देतो. उंदरीला केवळ चालू क्षणाचा त्रास. माणसाला मात्र मागचे आठवते आणि पुढचे न दिसताही भय वाटते. उंदरी म्हणजे माणूस, असे समीकरण येथे मोडते. उंदरी उंदरीच राहते, आणि म्हणूनच माणसाचे दुःख वेगळे उठून दिसते. प्रतीकात साम्याइतकेच भेदालाही महत्त्व असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भाषिक अंगाने पाहता या कवितेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली, लघुत्वदर्शक '-ई' प्रत्यय. 'माउस'चे 'माउसी', 'बीस्ट'चे 'बीस्टी' अशी रूपे स्कॉट्समध्ये लहानपणाबरोबर जिव्हाळाही सुचवतात. मराठीतील 'लेकरू', 'कोकरू', 'पाखरू' या शब्दांतील '-रू' आठवावा.

दुसरी, सर्वनाम. उंदरीला, नांगराखाली आलेल्या डेझीच्या फुलाला आणि म्हाताऱ्या घोडीला बर्न्स 'दाऊ' म्हणजे जवळिकीचे 'तू' म्हणतो. याउलट चर्चमध्ये एका नटव्या तरुणीच्या टोपीवर चढणाऱ्या उवेला उद्देशून लिहिलेल्या 'टू अ लाउस' या कवितेत तो 'यी' वापरतो. तेव्हाच्या स्कॉट्समध्ये 'यी' हे एका व्यक्तीसाठीही सर्रास वापरले जाई, म्हणून त्यात आपल्या 'तुम्ही'चा आदर शोधू नये. पण 'दाऊ'मधील ममता तेथे नाही, हे निश्चित.

तिसरी, भाषापालट. उंदरीला प्रत्यक्ष हाक मारणारे पहिले कडवे ठसठशीत स्कॉट्समध्ये आहे. माणसाच्या सत्तेविषयी चिंतन करणारे दुसरे कडवे जवळजवळ प्रमाण इंग्रजीत आहे. शेतातली भाषा आणि ग्रंथातली भाषा अशा दोन्हींतून कवी उंदरीकडे पाहतो. पुढे तो पुन्हा शेतातल्या भाषेकडे वळतो.

बर्न्सच्या इतर प्राण्यांचाही थोडक्यात परिचय करून घेऊ. नव्या वर्षाच्या सकाळी म्हाताऱ्या मॅगी या घोडीला दाणे चारताना शेतकरी तिच्याशी बोलतो, अशी एक कविता आहे. सासऱ्याने ती आंदण दिली, त्याला एकोणतीस वर्षे झाली. आता नांगराला जुंपलेली चारही जनावरे तिचीच संतती. म्हातारपणी तुझ्या वाट्याचे धान्य आणि चरायला राखलेला तुकडा ठेवीन, असे तो वचन देतो. येथे घोडी निष्ठेचे प्रतीक आहे असे म्हणण्याऐवजी, दोघांनी मिळून केलेल्या श्रमाचा हा हिशेब आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. 'द ट्वा डॉग्स' या कवितेत श्रीमंताचा कुत्रा सीझर आणि नांगऱ्याचा कुत्रा लुआथ हे श्रीमंत व गरिबांच्या जगण्याची चर्चा करतात. खंड थकलेल्या कुळांना कारभाऱ्याची बोलणी मुकाट्याने सोसावी लागतात, हे तेथे श्रीमंताचा कुत्राच सांगतो. शेवटी आपण माणसे नसून कुत्रे आहोत याचा दोघांनाही आनंद होतो. हेन्रीसनची अन्योक्ती येथे हसत हसत पुन्हा अवतरते.

४.३.६ डंकन बान मॅकिंटायर : हरणांचा डोंगर

डंकन बान मॅकिंटायर (१७२४–१८१२) याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने कविता मुखोद्गत रचल्या. त्या दुसऱ्यांनी लिहून घेतल्या आणि १७६८ मध्ये त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला. आर्गाइलच्या डोंगराळ भागात त्याने शिकारीच्या रानाचा राखणदार म्हणून काम केले होते. 'मोला बेन दोरन' म्हणजे 'बेन डोरन डोंगराची स्तुती' हे त्याचे प्रमुख काव्य. बॅगपाइपवरील पिब्रोख या अभिजात संगीतप्रकाराच्या रचनेवर ते बेतलेले आहे. मूळ धून, तिचे चलन, पुन्हा मूळ धून आणि शेवटी द्रुत समाप्ती, असा त्याचा क्रम आहे.

गेलिक परंपरेत स्तुतिकाव्य मुख्यतः टोळीच्या सरदाराचे असे. त्याचे कूळ, शौर्य आणि औदार्य गायले जाई. मॅकिंटायर ती सारी सामग्री एका डोंगराला आणि त्याच्यावरील हरणांना अर्पण करतो. हरिणीची चाल, तिचे चरणे, झऱ्याचे पाणी, उतारावरील वनस्पती यांचे वर्णन जाणकार डोळ्यांनी केलेले आहे. विशेष म्हणजे शेवटी शिकारही येते. हरणावर प्रेम करणारा आणि बंदूक धरणारा माणूस एकच आहे. येथे हरीण कशाचेही प्रतीक म्हणून योजलेले नाही. ते केवळ हरीण आहे.

ते प्रतीक झाले ते पुढे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डोंगराळ प्रदेशातील जमीनमालकांनी मेंढपाळीच्या अधिक उत्पन्नासाठी मोठमोठे कळप आणले. अनेक खोऱ्यांतील कुळांना घरे सोडावी लागली. पुढे अनेक दशके चाललेल्या या प्रक्रियेला इतिहासात 'हायलँड क्लिअरन्सेस' म्हणतात. मॅकिंटायर एडिंबरोला जाऊन शहर-रक्षक दलात नोकरी करू लागला होता. १८०२ मध्ये, वयाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो बेन डोरनवर पुन्हा गेला आणि त्याने डोंगरांचा अखेरचा निरोप घेणारी कविता रचली. डोंगर जागेवरच होता, पण हरणे आणि ओळखीची माणसे नव्हती. तेथे मेंढ्या होत्या. या निरोपानंतर आधीच्या काव्यातील हरीण आपल्याला वेगळे दिसू लागते. ते गेलेल्या जगाची खूण बनते. प्रतीकत्व कधी कधी कवीच्या योजनेतून येत नाही. गमावण्यातून ते मागाहून येते.

याच कवीचे 'कोल्ह्यांचे गाणे' या अर्थाचे एक गीत आहे. त्यात तो कोल्ह्यांना चक्क आशीर्वाद देतो, कारण ते मेंढ्या मारतात!

४.३.७ मेंढी आणि कोल्हा : अर्थाची उलटापालट

हेन्रीसन आणि मॅकिंटायर यांना आता शेजारी ठेवून पाहा. हेन्रीसनकडे मेंढी म्हणजे नाडली गेलेली रयत आणि कोल्हा म्हणजे जुलमी न्यायालयाचा लेखनिक. मॅकिंटायरकडे मेंढी म्हणजे रयतेला हुसकावणारी मालमत्ता आणि कोल्हा म्हणजे हुसकावल्या गेलेल्यांचा मित्र. मेंढी दोन्हीकडे गवतच खाते, कोल्हा दोन्हीकडे मेंढीच खातो. बदलले आहे ते एवढेच, की मेंढी कोणाच्या बाजूला उभी आहे.

अर्थाची ही उलटापालट झाली असली, तरी दोन्ही कवींची निष्ठा पालटलेली नाही. दोघेही ज्याचा निवारा जातो त्याच्या बाजूने बोलतात. बर्न्सही तेच करतो; मात्र निवारा मोडणाऱ्यांत तो स्वतःलाही मोजतो. म्हणून प्राण्याचे प्रतीक उलगडताना 'हा प्राणी कशाचे प्रतीक आहे?' या प्रश्नाआधी 'ही जमीन कोणाची, येथे कोण कसतो, कोण चरतो आणि कोणाला जावे लागते?' हे प्रश्न विचारावेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) रिकाम्या जागा भरा.
१. बर्न्सचा पहिला काव्यसंग्रह ............ येथे छापला गेला.
२. 'मोला बेन दोरन'ची रचना ............ या संगीतप्रकारावर बेतलेली आहे.
३. श्रीमंताच्या कुत्र्याचे नाव ............ हे आहे.

४.४ सारांश

डनबारच्या दरबारी कवितेत प्राणी व फुले ही संकेताने ठरलेली बोधचिन्हे आहेत. हेन्रीसनच्या प्राणिकथा अन्योक्तीच्या आहेत. पण त्याची मेंढी तात्पर्याच्या चौकटीत मावत नाही. बर्न्सने प्राण्याला थेट 'तू' म्हणून हाक मारली आणि साम्याबरोबर भेदही जपला. मॅकिंटायरचे हरीण आधी केवळ हरीण होते. त्याचे जग नाहीसे झाल्यावर ते प्रतीक झाले. मेंढी आणि कोल्हा यांच्या अर्थांत झालेली उलटापालट पाहता, प्रतीकाचा अर्थ प्राण्याच्या स्वभावात नसून माणूस, प्राणी आणि जमीन यांच्या नात्यात असतो, हे स्पष्ट होते.

४.५ शब्दार्थ

कूळ : दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी.
खंड : जमीन कसण्यासाठी मालकाला द्यावयाचा मोबदला.
आंदण : लग्नात मुलीला माहेरून मिळणारी देणगी.
धसकट : पीक कापल्यावर जमिनीत उरलेला ताटाचा बुडखा.
पिब्रोख : बॅगपाइपवर वाजवले जाणारे, एका धुनेचा क्रमाने विस्तार करणारे संगीत.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. चौथा जेम्स आणि मार्गारेट ट्यूडर यांच्या १५०३ मधील विवाहप्रसंगी. २. हेन्रीसनच्या प्राणिकथेनंतर येणारा तात्पर्याचा भाग. ३. लांडगा.
प्रश्न २ : १. किल्मार्नक. २. पिब्रोख. ३. सीझर.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. अन्योक्ती आणि प्रतीक यांतील भेद हेन्रीसन व बर्न्स यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'प्रतीकत्व कधी कधी गमावण्यातून मागाहून येते' या विधानाची मॅकिंटायरच्या काव्याच्या संदर्भात चर्चा करा.

आ) टिपा लिहा
१. 'टू अ माउस'मधील भाषापालट
२. हेन्रीसनचे तीन लांडगे
३. मॅगी घोडी

इ) क्षेत्रीय कार्य
आपल्या परिसरात गुराढोरांना किंवा पाखरांना उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या पाच ओव्या किंवा गीते गोळा करा. प्रत्येकीतील संबोधन, सर्वनाम आणि लघुत्वदर्शक शब्द नोंदवा. तो प्राणी गाणाऱ्या व्यक्तीच्या रोजच्या कामात कोणत्या नात्याने येतो, हे त्या व्यक्तीला विचारून लिहा. त्यानंतरच त्याच्या प्रतीकत्वाविषयी आपले मत मांडा.